‘सुधारणा आहे’ म्हणजे नेमकी किती? पुनर्वसनातील ध्येय ठरवणे आणि मोजणे

पक्षाघातानंतर दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणीला येणाऱ्या कुटुंबांत एक प्रसंग वारंवार घडतो. मुलगा सांगतो, "डॉक्टर, बरीच सुधारणा आहे." फिजिओथेरपिस्टच्या कागदावरही गुण वाढलेले असतात. आणि खुर्चीत बसलेला रुग्ण मान हलवून म्हणतो, "काही फरक नाही." मग सगळे मिळून त्याला समजावू लागतात, की अहो, महिन्याभरापूर्वी तुम्हाला बसताही येत नव्हते, आता चार पावले टाकता की नाही? रुग्ण गप्प बसतो. त्याला ते पटलेले नसते.

बहुतेक वेळा दोघांचेही खरे असते. मुलगा पावले मोजत असतो. रुग्णाच्या मनात मात्र दुसरेच काहीतरी असते आणि ते त्याला कोणी विचारलेलेच नसते. हा लेख त्या ‘दुसऱ्याच काहीतरी’बद्दल आहे: ते कसे शोधायचे, कसे लिहून ठेवायचे आणि त्याच्या दिशेने आपण पुढे सरकलो की नाही, हे घरच्या घरी कसे पाहायचे. उदाहरणे पक्षाघाताची घेतली आहेत. पण खुब्याचे हाड मोडणे, गुडघ्याचे सांधेरोपण, मणक्याची दुखापत किंवा दीर्घ आजारानंतरचा अशक्तपणा यांनाही यातले बरेचसे लागू पडते.

दवाखान्यातले गुण काय सांगतात?

पुनर्वसन विभागात तुम्ही ‘बार्थेल इंडेक्स’ हे नाव ऐकले असेल. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात फ्लॉरेन्स माहोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ साली ते प्रसिद्ध केले. जेवणे, अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, लघवीवरचा ताबा, जिना चढणे अशा १० गोष्टींना किती मदत लागते ते पाहून ० ते १०० पैकी गुण दिले जातात. पाच मिनिटांत भरता येणारा आणि भरवशाचा तक्ता आहे. ४५ वरून ६५ वर आलेल्या रुग्णाला पूर्वीपेक्षा नक्कीच कमी मदत लागते.

पण या तक्त्यात काय नाही तेही पाहा. कुकरचे झाकण लावणे नाही, मोबाइलवर नंबर लावणे नाही, एसटीची पायरी चढणे नाही, मांडी घालून पंगतीला बसणे नाही. १०० पैकी १०० गुण मिळालेल्या माणसाला एकट्याने राहता येईलच असे नाही, हे तक्ता करणाऱ्यांनी त्याच वेळी लिहून ठेवले होते.

चालण्याचा वेगही असाच उपयोगी आकडा आहे. सपाट जागेवर १० मीटर चालायला २५ सेकंद लागत असतील तर वेग सेकंदाला ०.४ मीटर होतो. पक्षाघातानंतर यापेक्षा कमी वेगाने चालणारी माणसे बहुधा घरापुरतीच चालतात. तेच अंतर साडेबारा सेकंदांत कापता येऊ लागले, म्हणजे वेग ०.८ मीटरच्या पुढे गेला, तर रस्त्यावर, बाजारात वावरणे शक्य होऊ लागते. ही चाचणी थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी. घरी घड्याळ लावून रुग्णाला पळवू नये.

हे आकडे लागतातच. उपचार योग्य दिशेने चालले आहेत का, हे त्यांच्याशिवाय आम्हाला कळणार नाही. मात्र ते सगळ्यांसाठी एकच असतात. तुमच्या आईला या आजारातून उठून नेमके काय परत हवे आहे, ते त्यांना ठाऊक नसते.

ध्येय कोणाचे?

एक उदाहरण देते. दोन-तीन रुग्णांच्या हकिकती एकत्र करून ते लिहिले आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही. साठी ओलांडलेल्या एक बाई, उजव्या बाजूचा अर्धांगवायू, बोलणे शाबूत. मुलाचे एकच म्हणणे होते, "आई पहिल्यासारखी चालायला लागली पाहिजे." रोज घरी फिजिओथेरपिस्ट येत होते, व्हरांड्यात वॉकर घेऊन फेऱ्या चालू होत्या. बाईंचे व्यायामात लक्ष नव्हते. घरच्यांना वाटायचे, आईने धीर सोडला.

मुलाला बाहेर बसवून विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला रात्री बाथरूमला एकटीने जाता आले पाहिजे. सूनबाई दिवसभर कामावर जाते, रात्री दोनदा तिला उठवायचे म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखे होते." अजून विचारले तेव्हा कळले की संध्याकाळी पाचनंतर त्या पाणी पीतच नव्हत्या. लघवीचा संसर्ग दोनदा होऊन गेला होता, बद्धकोष्ठता होती, आणि या सगळ्यावर गोळ्या चालू होत्या. त्यामागचे कारण कोणाला माहीतच नव्हते.

व्हरांड्यातल्या फेऱ्यांनी हे ध्येय कदाचित कधी तरी गाठलेही गेले असते. पण अंधारात पलंगावरून उठणे, पाय चपलेत घालणे, अरुंद दारातून वळणे, एका हाताने कपडे सावरणे ही वेगळी कामे आहेत आणि त्यांचा सराव वेगळा करावा लागतो.

म्हणून ध्येय विचारताना रुग्णाला थोडा वेळ एकट्याला द्या. "तुम्हाला काय व्हायला हवे?" असे विचारले तर उत्तर बहुधा "पहिल्यासारखे" असेच येते. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. सकाळी उठल्यापासून कुठे अडले? कोणासाठी थांबावे लागले? कशाची लाज वाटली? काय करायचे सोडून दिले? कॅनडातील ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी १९९० साली मांडलेली एक पद्धत अशाच गप्पांवर आधारलेली आहे. रुग्णाने स्वतः अडचणीची कामे सांगायची, प्रत्येक काम किती महत्त्वाचे आहे त्याला १ ते १० मध्ये गुण द्यायचे, आणि मग निवडलेल्या मोजक्या कामांना दोन प्रकारे गुण द्यायचे: सध्या किती जमते आणि त्यावर आपण किती समाधानी आहोत. काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचे. दोन गुणांची वाढ झाली तर तो बदल सहसा खरा मानतात. ‘जमते’चे गुण तेवढेच राहून ‘समाधाना’चे वाढले, असेही होते, तीही नोंदच आहे.

बोलता येत नसलेल्या रुग्णाला (पक्षाघातानंतर वाचा जाणे आपल्याकडे अजिबात दुर्मीळ नाही) ध्येय नसते असे समजू नका. घरातल्या जागांचे मोबाइलवर फोटो काढा: मोरी, देवघर, ओटा, अंगण, दुकानाचा गल्ला. दोन-दोन समोर धरा आणि बोट दाखवायला सांगा. हो-नाही विचारत असाल तर तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारा, म्हणजे ‘हो’ खरोखर ‘हो’च आहे का ते कळेल. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत कोणीही बोलू नका. नवऱ्याच्या वतीने बायकोने किंवा वडिलांच्या वतीने मुलाने उत्तर देऊन टाकणे आमच्या खोलीत रोज घडते. प्रेमापोटीच घडते, पण त्यामुळे रुग्णाचे म्हणणे आत राहून जाते.

पाच पायऱ्यांची पट्टी

ध्येय कळले, आता ते मोजायचे कसे? यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारी पद्धत मुळात पुनर्वसनातली नाहीच. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मानसिक आरोग्य केंद्रांच्या कामासाठी थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ साली ती मांडली. प्रत्येक रुग्णाचे ध्येय वेगळे असताना सर्वांना एकच फूटपट्टी कशी लावणार, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी प्रत्येकासाठी स्वतंत्र पट्टी तयार केली, तीही उपचार सुरू होण्याआधी. तिला ‘गोल अटेनमेंट स्केलिंग’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरे जोडून डॉक्टर तिला ‘गॅस’ म्हणतात; कानावर पडले तर पोटाशी संबंध लावू नका.

पट्टीला पाच पायऱ्या असतात: −२, −१, ०, +१ आणि +२. शून्यावर लिहायचे ते ठरवलेल्या मुदतीत होईल अशी वाजवी अपेक्षा असलेले काम. त्याहून थोडे जास्त जमले तर +१, बरेच जास्त जमले तर +२. आजची स्थिती काही ठिकाणी −२ वर धरतात. मी ती −१ वर ठेवते, कारण प्रकृती खालावली तर तीही पट्टीवर दिसायला हवी. वरच्या बाईंची आठ आठवड्यांची पट्टी अशी होती:

−२ : अंथरुणातच भांडे घ्यावे लागते.
−१ (आज) : सुनेला उठवावे लागते, उठताना, चालताना आणि कपडे सावरताना तिचा हात लागतो.
० : सून सोबत येते, पण हात लावत नाही, काठी आणि भिंतीवरची दांडी धरून सर्व स्वतः करतात. आठवड्यातल्या सातपैकी पाच रात्री तरी.
+१ : सुनेला न उठवता जातात, आठवड्यातल्या पाच रात्री तरी.
+२ : सुनेला न उठवता रोज जातात.

यात एक गोष्ट मुद्दाम केली आहे. पायऱ्या वर जाताना बदलते ते फक्त मदतीचे प्रमाण आणि रात्रींची संख्या. वेग, पावलांची चाल, काठी सुटली की नाही, असे सगळे एकाच पट्टीत कोंबले तर एक गोष्ट वाढते, दुसरी घटते आणि आपण नेमके कोणत्या पायरीवर आहोत हे कोणालाच सांगता येत नाही. काठी सोडायची असेल तर तिची वेगळी पट्टी करा. दोन किंवा तीन ध्येये पुरेत. सहा लिहिलीत की एकाचाही सराव धड होत नाही.

आणखी एक: ‘चांगले’, ‘बऱ्यापैकी’, ‘आत्मविश्वासाने’ हे शब्द पट्टीत नकोत. आज पहिल्यांदाच घरी आलेल्या मावशींनाही ती वाचून पायरी ओळखता आली पाहिजे.

शून्यावर काय लिहायचे हे थेरपिस्टला विचारूनच ठरवा. मेंदूला किती इजा झाली, किती काळ लोटला, हातापायांत किती हालचाल आहे, लक्ष आणि तोल कसा आहे, हे पाहून त्यांना अंदाज बांधता येतो. तीन ध्येयांत तिन्ही वेळा +२ आले तर आम्ही फार सोपे लिहिले होते असे समजावे. प्रत्येक वेळी −१ वरच अडकले तर बहुधा आमचा अंदाज चुकला होता. रुग्णाच्या जिद्दीवर ते ढकलू नये. पार्किन्सनसारख्या हळूहळू वाढणाऱ्या आजारात तर ‘सहा महिन्यांनीही आजच्याइतकेच जमते’ हे शून्यावर लिहिणे अगदी रास्त आहे आणि ते गाठणे सोपे नसते.

सगळ्या ध्येयांचे मिळून एक गणिती सूत्रही आहे. सर्व ध्येये शून्यावर आली की त्याचे उत्तर ५० येते. विभागाच्या कामाचा आढावा घ्यायला ते उपयोगी पडते, तुम्हाला त्याची गरज नाही. शेजारच्या काकांच्या पट्टीशी आपली पट्टी ताडूनही पाहू नका, कारण त्यांचे शून्य वेगळे आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी तर पूर्णपणे निराळ्या शासकीय निकषांवर ठरते. पट्टीवर तुम्ही वर गेलात म्हणून ती आपोआप कमी होत नाही.

नोंद कशी ठेवायची?

सर्वांत सोपे साधन भिंतीवर असतेच. कालनिर्णयच्या त्या-त्या दिवसाच्या चौकोनात त्या रात्रीची पायरी लिहा. रविवारी आठवड्याची मोजणी करा. एखाद्या रात्री +१ जमले याचा आनंद जरूर करा, पण पायरी ठरवायची ती आठवड्याच्या हिशेबाने. चांगला दिवस आणि वाईट दिवस प्रत्येकालाच असतो. अपुरी झोप, ताप, बद्धकोष्ठता, घरात आलेले पाहुणे, एवढ्यानेही फरक पडतो.

वेळ किंवा अंतर मोजत असाल तर दर वेळी तीच खुर्ची, त्याच चपला, तीच काठी आणि दिवसाची तीच वेळ ठेवा. खुर्ची दोन इंच उंच असली तरी उठणे सोपे होते आणि आपल्याला वाटते पाय सुधारला. एक-दोन सेकंदांच्या फरकावरून काहीच ठरवू नका. तीच चाचणी लागोपाठ दोनदा केली तरी एवढा फरक पडतो. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच कोपऱ्यात मोबाइल ठेवून मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्या रुग्णाला दीड महिन्यापूर्वीचा स्वतःचा व्हिडिओ दाखवणे हे आमच्या दहा वाक्यांहून जास्त काम करते. पण व्हिडिओ रुग्णाला विचारूनच काढा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

नोंद लिहिताना सर्वांत जास्त चुकते ते इथे: ‘जमते’ आणि ‘करतात’ यांत गल्लत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणातही या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. थेरपीच्या खोलीत, उजेडात, शेजारी माणूस उभा असताना शर्टाची बटणे लावता येतात. घरी मात्र सकाळी साडेआठला सगळ्यांची घाई असते, सांभाळणाऱ्या मावशी दोन मिनिटांत शर्ट चढवून मोकळ्या होतात. तेव्हा वहीत लिहायचे काय? घरी जे झाले ते. ‘जमते पण करत नाहीत’ असे आठवडाभर दिसले तर त्याचा इलाज आणखी व्यायाम हा नसून अर्धा तास लवकर उठणे हा असू शकतो.

नोंद शक्यतो रुग्णाने स्वतः करावी. उजवा हात चालत नसेल तर डाव्या हाताने नुसती रेघ मारली तरी चालेल. चौकोन रोज दुसऱ्याने भरला की तो शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा वाटू लागतो, आणि साठ वर्षांच्या माणसाला प्रगतिपुस्तक नको असते.

आकडा हलत नसेल तर

पक्षाघातानंतर सर्वांत वेगाने सुधारणा साधारण पहिल्या तीन महिन्यांत होते. नंतर वेग मंदावतो, पण सरावाने विशिष्ट कामांत सुधारणा पुढेही होत राहते. त्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात महिनाभर त्याच पायरीवर राहिलात तर ‘आता संपले’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी कारणे शोधा.

खांदा दुखतो आहे का? दुखणारा हात कोणीच वापरत नाही. स्नायू ताठरले आहेत का? रुग्ण उदास आहे, रडतो, जेवत नाही, झोप नाही असे आहे का? पक्षाघातानंतर नैराश्य पुष्कळ रुग्णांना येते, त्यावर उपचार आहेत आणि ते केले की व्यायामातही फरक पडतो. झोपेची किंवा फिट्सची एखादी गोळी नव्याने सुरू झाली का? यांतले काही आढळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

मग सरावाकडे पाहा. दिवसभरात त्या ध्येयाचाच सराव किती मिनिटे होतो? पुष्कळ घरांत तो शून्य मिनिटे असतो. हात वर-खाली, पाय वर-खाली चालू असते आणि ध्येय असते भाकरी थापण्याचे. काम जसेच्या तसे, तुकडे करून, वारंवार करावे लागते.

आणि घराकडे पाहा. पलंग फार खाली आहे, मोरीला उंबरठा आहे, संडास भारतीय बैठकीचा आहे, रात्रीचा दिवा नाही. वरच्या बाईंच्या बाबतीत पाचव्या आठवड्यापर्यंत पायरी −१ वरच होती. मग पलंगाखाली लाकडी ठोकळे घालून तो उंच केला, भिंतीला पकडायची दांडी बसवली, बैठकीवर कमोडची खुर्ची ठेवली आणि पायाशी छोटा दिवा लावला. सातव्या आठवड्यात पाच रात्री शून्य पायरी भरली. मुलाला हे थोडे फसवल्यासारखे वाटले, "म्हणजे पाय सुधारलाच नाही?" पाय थोडा सुधारला होता, दांडीने उरलेले काम केले. माझ्या मते दांडी धरून एकटीने जाणारी बाई स्वतंत्रच आहे. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण ‘याला वाचता येत नाही’ म्हणत नाही.

+१ ची घाई मात्र आम्ही केली नाही. रात्री कोणी जागे नसताना एकट्याने जाणे हे तोल आणि पडण्याचा धोका तपासल्याशिवाय सुरू करायचे नसते. थेरपिस्टने रात्रीचीच वेळ धरून, तोच मार्ग चालवून पाहिला आणि मग हो म्हटले. तोवर उशाशी घंटा होती. पडण्याची भीती असलेल्या कोणत्याही ध्येयाच्या बाबतीत तुम्हीही असेच करा. पट्टीवर एक पायरी चढण्यासाठी खुब्याचे हाड पणाला लावू नका.

पायरी अचानक खाली आली, म्हणजे काल चालणाऱ्याला आज उभे राहता येईना, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, तर ही नोंद करत बसण्याची वेळ नाही. तो नवा पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करून स्ट्रोकवर उपचार होणाऱ्या रुग्णालयात तातडीने जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा.

दोन आढावे झाले, कारणे तपासली, सराव बदलला, घर बदलले आणि तरी शून्य गाठले जात नसेल, तर ध्येय बदलायची चर्चा रुग्णासमोर बसूनच करावी. रुग्णाला न सांगता थेरपी कमी करणे किंवा "होईल हो हळूहळू" म्हणत वर्ष काढणे, या दोन्हींपेक्षा ते बरे. फी दर भेटीला द्यावी लागते, आणि ज्या भेटींचा कशासाठी उपयोग होतो आहे हे सांगता येत नाही, त्या थांबवून तोच पैसा दांडी, खुर्ची किंवा आठवड्यातून एकदाच्या ऑक्युपेशनल थेरपीवर घालणे कधी कधी शहाणपणाचे ठरते. हे थेट विचारायला संकोचू नका: "डॉक्टर, या व्यायामाने आमचे कोणते ध्येय जवळ येणार आहे, आणि किती आठवड्यांत कळेल?"

पुढच्या तपासणीला येताना कॅलेंडरच्या पानाचा फोटो, पट्टी लिहिलेली वही आणि घरातल्या अडचणीच्या जागेचे दोन फोटो आणा. रोजच्या चपला आणि रोजची काठीही सोबत असू द्या. रुग्णालयात येताना पुष्कळ जण नवे बूट घालून आणि काठी घरी ठेवून येतात, आणि मग आम्ही मोजतो ते भलत्याच माणसाचे चालणे असते.